तेच, तसंच आणि हुसेन सर

वाचनालयाच्या टेबलावरचा फोन वाजला तेव्हा मी संगणकासमोर बसून वीज टिकते की जाते याचा अंदाज घेत होते. पलीकडून सरांचा मुलगा सलीम एवढंच म्हणाला, "ताई, अब्बा गेले." आणि मी चक्क विचारलं, "कुठे?" ... हुसेन सर सारखे कुठे ना कुठे गेलेलेच असायचे. निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, पण त्यांच्या लुनाला निवृत्ती माहीत नव्हती. आज हट्टा, उद्या सेनगावकडची खेडी, परवा कुणाच्या तरी गोठ्यातली अडगळ. त्यामुळे सर गेले म्हटलं की कुठे, असं विचारायची जिभेला सवयच होती. मग सलीमने दफनाची वेळ सांगितली. तेव्हा मला कळलं. त्या प्रश्नाची लाज अजून वाटते, पण सरांनी तो ऐकला असता तर पोट धरून हसले असते, हेही खरं. या गोष्टीला आता दोन महिने होतील.

शेख हुसेन सर चित्रकलेचे शिक्षक. घराणं हट्ट्याच्या पिंजाऱ्यांचं, नोकरीतली बरीच वर्षं साखऱ्याच्या शाळेत गेली, आणि निवृत्तीनंतर मुक्काम हिंगोलीत. मी इथल्या एका वाचनालयाची ग्रंथपाल. ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं देणारी, वर्गणी मागणारी, झाडू मारणारी आणि छप्पर गळलं की बादली ठेवणारीही मीच. नव्वदच्या दशकात, आपण अजून परभणी जिल्ह्यात होतो तेव्हा, एका दुपारी सर खांद्यावर पोतं घेऊन आले आणि त्यातून तिफणीचं लाकडी चाडं काढून माझ्या टेबलावर ठेवलं. ज्या वाटीतून बी खाली सोडतात ते. "हे ठेवायला जागा आहे का, बाई? चुलीत चाललं होतं." मी म्हणाले, इथे पुस्तकं ठेवतात. तर म्हणाले, "हे पण वाचायचंच आहे. वाचणारे संपून राहिले, एवढंच." मला राग आला, कारण टेबल नुकतंच पुसलं होतं. पण चाडं राहिलं. त्याच्यामागून जुन्या वर्तमानपत्रांची खोली रिकामी झाली, तिच्यात दावी आली, घुंगरमाळा आल्या, मोटेची चाकं आली, आणि मग पडवीही गेली.

प्रत्येक वस्तूचं सर एक कार्ड करायचे. वर त्यांच्या हातचं छोटंसं चित्र, खाली वस्तूला देणारा काय म्हणतो ते नाव, कशाची आहे, कुणी केली, कशी वापरायची. अक्षर फळ्यावरच्या सुविचारासारखं टपोरं. मात्र कार्ड लिहून झालं म्हणजे झालं नाही. ते घेऊन पुन्हा त्या गावाला जायचं आणि देणाऱ्याला वाचून दाखवायचं. त्याने मान डोलावली तर ठीक, नाहीतर खोडायचं. एका कार्डासाठी दोन खेपा! मी म्हणायची, सर, एवढा वेळ कुणाला आहे? ते म्हणायचे, "पोलीस ठाण्यात हुलिया लिहून घेतात तेव्हा ज्याचा माणूस हरवलाय त्याला वाचून दाखवतात का न्हाई? मग?" पुढे संगणकवाल्यांनी मला 'मेटाडेटा' हा शब्द शिकवला तेव्हा मी घाबरतच सरांना त्याचा अर्थ, वस्तूची ओळख पटवणारी माहिती, सांगायला गेले. सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे हुलियाच की!" तेव्हापासून आमच्याकडे तो शब्द हुलियाच झाला.

संगणक आला, आणि त्याच्या मागोमाग एका मोठ्या शहरातल्या संस्थेचं पत्र. राज्यातल्या लहानमोठ्या संग्रहांची एक सामायिक यादी होणार होती, कुणालाही कुठूनही बघता येईल अशी. अट एकच, वस्तूंची नावं आपल्या मनाने द्यायची नाहीत. परदेशात तयार झालेली एक शब्दसूची होती, तिचं मराठीकरण केलेलं होतं. तिच्यात प्रत्येक प्रकारच्या वस्तूला एक क्रमांक. आपली वस्तू त्या क्रमांकाला जोडायची, म्हणजे तोच क्रमांक वापरणाऱ्या सगळ्या संग्रहांशी ती आपोआप जोडली जाते. मी सूची उघडली आणि माझं डोकं फिरलं. खोगिराचे बारा भाग होते, पण तिफण नव्हती. मी सरांना म्हटलं, "आपली सूची आपणच करू. आपल्या वस्तूंना दुसऱ्यांचे क्रमांक कशाला?" सर शांतपणे म्हणाले, "करू की. मग ती वाचणार कोण? तू आणि मी." पुढे म्हणाले, "मोठ्या भावाचा सदरा धाकट्याला देताना आपण नवं कापड घेतो का? बाह्या कमी करतो, टीप मारतो, खिसा वर घेतो. सदरा तोच, पण लेकराच्या अंगाला बसला पाहिजे." तर आम्ही टीप मारायला बसलो.

मी शहरात तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले. आपला शब्द आणि सूचीतला शब्द यांच्यात नातं सांगायचं असतं, आणि त्या नात्यांना इंग्रजीतली लांबलचक नावं होती. सरांनी ती एका बैठकीत मराठी करून टाकली. दोन्ही वस्तू अगदी एक असतील तर 'तेच'. सारख्या आहेत पण एक नाहीत, तर 'तसंच'. आणि एक मोठा प्रकार, दुसरी त्याच्या पोटातली, तर 'त्यातलंच'. हे शेवटचं नाव देताना त्यांना हसू आवरेना. "आपल्याकडं कुणाला त्यातलाच म्हटलं तर मारामारी होईल!" हट्ट्याला धान्याची कणिंग, साखऱ्याला कणगी, आणि कनेरगाव नाक्यापाशी वऱ्हाडाचा वारा लागला की तिचीच ढोली. ही तिन्ही नावं सरांनी एका क्रमांकाखाली 'तेच' म्हणून बिनघोर घातली. पण एरवी 'तेच' लिहायला त्यांचा हात जड असायचा. "तेच म्हटलं की एकाचं सगळं दुसऱ्याच्या गळ्यात पडतं," ते म्हणायचे. "दोन भावांना तेच म्हणतो का आपण? तसंच म्हणतो. फार तर."

हे मी शंभरदा ऐकलं होतं, आणि तरी मीच घोळ केला. नोंदी पाठवायची शेवटची तारीख होती. सर हट्ट्याला लग्नाला गेले होते. साखऱ्याच्या कोंडाबाईंनी दिलेल्या जेनचं कार्ड माझ्यासमोर होतं. काळ्याभोर लोकरीचं जाड अंथरूण, कडेला पांढऱ्या लोकरीची एक वाकडी रेघ. सूचीत 'जेन' नव्हतं, 'घोंगडी' होती. आमच्या घरी लोकरीचं जे काही असेल त्याला घोंगडीच म्हणायचे. आईने मला कधी जेन हा शब्द सांगितलाच नाही. मी टाकलं, जेन, तेच, घोंगडी. आणि पाठवून चहा प्यायला गेले.

तीन महिन्यांनी छापील नोंदी आल्या. सर नेहमीप्रमाणे देणाऱ्यांना वाचून दाखवायला निघाले, मलाही बरोबर घेतलं. साखऱ्यात कोंडाबाई पत्र्याच्या सावलीत बसल्या होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान तिखट. सभोवती शेरडं. सरांनी कागद उघडला आणि वाचायला लागले, "घोंगडी. हातमागावर विणलेली..." आणि थांबले. त्यांचा आवाज थांबल्यावर मला कळलं मी काय केलंय. सूचीत घोंगडीविषयी जे जे लिहिलं होतं ते सगळं त्या एका 'तेच'मुळे जेनला येऊन चिकटलं होतं. विणकरांचं नाव, मागाचं वर्णन, उभे-आडवे धागे.

"इनलेली?" कोंडाबाई म्हणाल्या. "कुनी इनली? ह्याला कुनी इनलं न्हाई, मास्तर. तुमच्या बापानं माझ्या लग्नात करून दिल्यालं ह्ये. पिंजून, पसरून, पानी शिपडून पायाखाली तुडवलं. सात रोज आमच्या वाड्यासमूर व्हते ते. तुमाला म्या हेच सांगितलं व्हतं, नाव बराबर लिवा. मंग काहून असं लिवलं?" सरांनी कागदाची घडी घातली. त्या म्हणाल्या, "द्या माझं जेन वापस."

मी खाली बघत बसले होते. मी सांगायला हवं होतं की हे मी केलं, पण मला तोंड उघडवेना. सर म्हणाले, "चूक माझी आहे, कोंडाबाई. मी बघितलं न्हाई. मला थोडी मुदत द्या. बराबर झालं न्हाई तर मी स्वतः आणून देतो." परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर बघत होते. मी शेवटी म्हणाले, "सर, ते मी..." "माहीत आहे," ते म्हणाले. "त्या पानावर माझी सही न्हाई. पण तुला जेन कुणी दाखवलं होतं? मी दाखवायला पाहिजे होतं." रागावले असते तर बरं झालं असतं. मला एवढं वाईट कधीच वाटलं नव्हतं.

त्यांच्यासाठी ते जेन म्हणजे काय होतं हे मला तेव्हा पुरतं उमगलं. सरांचे वडील, शेख मौला, लोकर कातरायच्या दिवसांत धनगरवाड्यांवर जाऊन जेन करून द्यायचे. धनगरांची लोकर, पिंजाऱ्यांचे पाय. वडील गेले, लोकर पिंजायची कमान मोडली, भाऊ गाड्यांच्या गादीचं काम शिकले, आणि सर मास्तर झाले. वडिलांच्या हातचं काहीही त्यांच्या घरात उरलं नव्हतं. कोंडाबाईंकडचं ते एकच जेन होतं. आणि आम्ही... म्हणजे मी, त्याच्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी माग बसवून ठेवला होता.

दुसऱ्या दिवसापासून सर सूचीच्या मागे लागले. मी म्हणत होते, नवा शब्द मागू या, वेगळा क्रमांक घेऊ या. ते म्हणाले, "आधी शोध. नवं घर मागायच्या आधी गावात आपले कुणी पाहुणे आहेत का बघावं." मी पडद्यावर पानं सरकवत होते, ते शेजारी स्टुलावर. कापड बघितलं, अंथरूण-पांघरूण बघितलं, कुठे काही नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी, जिथे मी चिडून सोडून दिलं होतं त्या खोगिराच्या बारा भागांत, त्यांना एक शब्द दिसला. 'नमदा. खोगिराखाली घालायचा, लोकर दाबून केलेला जाड तुकडा. न विणलेला.' सर उठून उभे राहिले. "हे बघ! न विणलेला!" मग हळूच म्हणाले, "अब्बा घरात नमदाच म्हणायचे. जेन धनगरांसमोर म्हणायचे."

मी लगेच म्हटलं, मग झालंच, तेच टाकू. मला घाई होती, आणि अपराधाचं ओझंही होतं. शिवाय एक व्यवहाराची बाब होती. त्या यादीत शोधलं की पहिल्या पानावर फक्त 'तेच'वाल्या वस्तू दिसायच्या. 'तसंच'वाल्या मागे, कुणी मुद्दाम उघडल्या तर. 'तेच' टाकलं असतं तर मौला पिंजाऱ्यांचं जेन थेट मोठमोठ्या संग्रहालयांतल्या नमद्यांच्या शेजारी जाऊन बसलं असतं. सरांनी मला थांबवलं. दोन दिवस ते वाचनालयात आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते फार बरे दिसत नव्हते. म्हणाले, "तसंच टाक." मी वाद घातला. तुमच्या वडिलांचाच तर शब्द आहे, सर! ते म्हणाले, "अब्बा दोन्हींना एकच नाव द्यायचे, कारण काम एकच होतं. पण घोड्याच्या पाठीवरचा नमदा वेगळा, पातळ. कोंडाबाईचं जेन नवरीला बसायला केलेलं. माझ्या मनाला तेच पाहिजे, म्हणून ते तेच होत न्हाई." मी 'तसंच' टाकलं. त्यांचे डोळे भरले होते, आणि त्यांनी चष्मा पुसायचं निमित्त केलं.

संस्थेतल्या बाई फोनवर फार गोड बोलल्या. पण घोंगडीपासून वेगळं करून जेनला स्वतःचा क्रमांक द्यायचा तर अर्ज हवा, आणि अर्जाला आधार हवा. आम्ही 'आधार' या रकान्यात लिहिलं, 'कोंडाबाई, साखरा. स्वतः पाहिले आहे.' अर्ज परत आला. आधार छापील हवा. मी तावातावाने फोन उचलला, तर सरांनी माझ्या हातातून काढून घेतला. "छापील पाहिजे ना? छापू." आमच्या वाचनालयाचा वार्षिक अहवाल तेव्हा छापखान्यात होता. नव्या सभासदांची यादी आणि आभार यांच्यामध्ये सरांनी दीड पान जेनवर लिहिलं. लोकर कशी पिंजायची, चटईवर कशी पसरायची, पाणी किती, तुडवायचं किती, आणि हे सगळं सांगितलं कोणी. अहवाल छापून आला, आम्ही त्याची प्रत जोडली, आणि 'आधार'मध्ये ऐटीत पान क्रमांक लिहिला. छापखान्याने 'पिंजारी'चं 'पुजारी' केलं होतं. सरांनी प्रत्येक प्रतीत पेनाने दुरुस्त केलं, आणि म्हणाले, "पुजारी झालो असतो तर अब्बा काय म्हणाले असते!"

त्यानंतर मात्र त्यांची छाती बिघडली. नांदेडला नेलं, परत आणलं. मी शेवटची भेटले तेव्हा ते घरी पलंगावर उशीला टेकून बसले होते, त्यांच्या पत्नी, आमच्या भाभी, त्यांना साबुदाण्याची खीर चमच्याने भरवत होत्या, आणि ते तोंड फिरवत होते. मला बघितल्या बघितल्या विचारलं, "क्रमांक आला?" मी म्हटलं, नाही अजून. "येईल," म्हणाले. थोडा दम घेतला. "आला की आधी कोंडाबाईला वाचून दाखव... मग मला." मी म्हटलं, तुम्हीच चला की, सर. ते हसले. भाभी म्हणाल्या, "यांना तिकडं जायचं म्हटलं की आत्ता उठतील." आम्ही तिघंही हसलो. त्यानंतर नऊ दिवसांनी सलीमचा फोन आला.

क्रमांक आला तो सरांच्या चाळिसाव्यानंतरच्या आठवड्यात. पडद्यावर 'जेन' हा शब्द एकटा, स्वतःच्या ओळीत, पाहिला तेव्हा मी रडले. मग कागद छापला आणि साखऱ्याची गाडी धरली. कोंडाबाईंना सर गेल्याचं कळलं होतं. माझा हात धरून त्यांनी मला खाली बसवलं. मी वाचलं, "जेन. लोकरीचं. न विणलेलं, पिंजून आणि तुडवून केलेलं. नवरीला बसायला. नमद्यासारखं. करणारे, शेख मौला पिंजारी, हट्टा. देणाऱ्या, कोंडाबाई, साखरा. नोंद, शेख हुसेन." त्या डोळे मिटून ऐकत होत्या. म्हणाल्या, "पुन्यांदा वाच." मी पुन्हा वाचलं.

"सगळं बराबर हाय. पर येक ऱ्हायलं."

"काय राहिलं?"

"मौला येकला न्हवता. त्याची बायकू व्हती ना संगं. बिस्मिल्लाबी. निम्मं तर तिनंच तुडवलं. पोट ह्ये येवढं व्हतं तिचं, सातवा लागला व्हता. माझी माय म्हने, आगं बस, तकलीफ व्हईल. तर ती म्हने, म्या बसले तर लोकर वाळून जाईल." कोंडाबाई हसल्या, आणि पदराने डोळे पुसले. "तिचं न्हाई लिवलं तुमी?"

मी विचारलं, पोटात कोण होतं?

"कोन म्हंजी? मास्तर."

मी कागदाकडे बघत बसले. दुसऱ्यांच्या कार्डावर सर बायकांची नावं शोधून शोधून लिहायचे. कुणी नुसतं 'घरातली' म्हणालं तर पुन्हा विचारायचे, घरातलीचं नाव काय? आणि स्वतःच्या घराच्या कार्डावर त्यांनी एकट्या वडिलांचं नाव लिहिलं होतं. त्यांना माहीतच नव्हतं, की विचारायचं राहून गेलं, की समोर कोंडाबाई असतानाही हे सुचलं नाही... पंधरा वर्षांत पहिल्यांदा मला सरांची चूक सापडली होती, आणि ती दाखवायला सर नव्हते. आपण जे जेन हातात घेऊन फिरतोय त्याच्यावर आपणही चाललोय, हे त्या माणसाला कुणी सांगितलंच नाही. याचं मला फार दुःख होतं.

दुरुस्तीचा अर्ज मी दुसऱ्याच दिवशी भरायला घेतला. 'आधार' या रकान्यापाशी अडले. कोंडाबाईंचा शब्द चालत नाही, छापील काहीतरी लागतं, आणि आमचा अहवाल आता थेट पुढच्या वर्षी. कोंडाबाईंचं वय बघता मला तितका धीर नाही. या पुरवणीच्या संपादकांनी सरांवर लिहाल का असं विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं, त्याचं कारण हेही आहे. हा लेख छापून आला की त्याचं कात्रण मी अर्जाला जोडणार आहे. म्हणून नावं नीट तपासून, छापखान्याला हात जोडून, इथे लिहिते. साखऱ्याच्या कोंडाबाईंचं जेन हट्ट्याचे शेख मौला आणि त्यांच्या पत्नी बिस्मिल्लाबी या दोघांनी केलं.